एक हितचिंतक

एकतीस मेला बँकेनं मला सेवेतून निवृत्त केलं आणि एक जुलैला सेवेनं मला पुन्हा गाठलं. मधला जून तेवढा मी माणसांत होतो.

निवृत्त माणूस पहाटे फिरायला निघतो. गावातल्या संस्थांच्या दृष्टीनं तो मोकाट जनावर असतो. ज्याला दिसेल त्यानं दावं टाकावं. माझ्यावर ज्येष्ठ नागरिक संघ आणि हास्य क्लब असे दोघे टपलेले होते, पण सेवा क्लबाचे सराफ त्या दोघांच्याही आधी उठतात. पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी मला अडवलं आणि म्हणाले, ‘साहेब, चौतीस वर्षं बँकेची कॅश सांभाळलीत. आता समाजाची सांभाळा.’ कॅशियरला आयुष्यात कुणी साहेब म्हणत नाही. काउंटरपलीकडून ‘ओ’ म्हणतात. मी तिथल्या तिथे विरघळलो.

फॉर्मवर व्यवसाय होता, रक्तगट होता, जन्मतारीख होती आणि लग्नाची तारीख होती. लग्नाची तारीख कशाला, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. त्या दिवशी सभासदानं उभं राहून क्लबाला आनंदानं पैसे द्यायचे असतात. लग्न टिकल्याचा दंड. प्रवेश फी अकरा हजार, वर्षाची वर्गणी नऊ हजार. वर्गणी म्हटलं की पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहिलेली गणपतीची पोरं आठवतात, म्हणून तिला ‘ड्यूज’ म्हणायचं.

घरी आल्यावर मंगल म्हणाली, ‘अहो, वीस हजारांत आपण दोघं अष्टविनायक करून आलो असतो.’

मी म्हटलं, ‘अगं, ही सेवा आहे.’

‘मग मी चाळीस वर्षं करतेय, तिची फी कुणाकडं मागू?’

आमचा क्लब कुठल्या घराण्यातला, असं कुणी विचारलं की जरा अडचण होते. या व्यवसायातली दोन मोठी घराणी, आणि दोन्ही शिकागोची. पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं २३ फेब्रुवारी १९०५ या दिवशी तिघा ओळखीच्यांना घेऊन रोटरीची पहिली बैठक केली. बैठक आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत व्हायची, भिशीसारखी फिरत, म्हणून नाव रोटरी. बारा वर्षांनी, १९१७ साली, त्याच गावात मेल्विन जोन्स यांनी लायन्सची मोट बांधली. हे गृहस्थ विमा एजंट होते. ओळख नसलेल्या माणसाला पाच मिनिटांत कुटुंबीय करून घेण्याची कला कुठून आली, याचा उलगडा होतो. रोटरी मुंबईला १९२९ साली पोचली, लायन्स आपल्या देशात १९५६ साली आली. आपणही मागे राहिलो नाही. १९७२ साली मुंबईत नाना चुडासामांनी जायंट्स काढली. चाक झालं, सिंह झाला, राक्षस झाला.

आमच्या गावात चाकही होतं आणि सिंहही होता. मराठी माणसाला नवी संस्था काढायला दोन गोष्टी लागतात: एक जुनी संस्था आणि तिची निवडणूक. एका वर्षी दोन्हीकडचे नाराज एकाच हॉटेलात चहाला बसले आणि त्यातून आमचा स्वतंत्र क्लब निघाला. धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदवलेला. घटना लिहायला वेळ नव्हता म्हणून दोन्हीकडच्या चालीरीती तशाच उचलल्या. सभेच्या सुरुवातीला अध्यक्षानं घंटा वाजवायची, हे चाकाकडून. दंडाची पद्धत सिंहाकडून. बिल्ल्यावर काय असावं यावर तीन सभा झाल्या. शेवटी पणती, दोन हात, कबुतर आणि पृथ्वी यांवर तडजोड झाली. मग कडेला थोडी जागा उरली, तिथं बिल्लेवाल्यानं आपल्या मनानं गव्हाची लोंबी काढून दिली.

दंडाबद्दल सांगायलाच हवं. लायन्सच्या घटनेत ‘टेल ट्विस्टर’ नावाचं एक अधिकृत पद असतं. सभेला मरगळ येऊ द्यायची नाही आणि क्षुल्लक कारणांवरून सभासदांना दंड ठोकायचा, हे त्याचं काम. त्याला स्वतःला दंड करायचा तर हजर असलेल्या एकूण एक सभासदांचं एकमत लागतं. म्हणजे आपल्याकडं तो अमरच. आमच्याकडं हे पद मराठीच्या एका निवृत्त मास्तरांकडं आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी पदाचं भाषांतर करून टाकलं: शेपूटपिळ्या. ‘पुच्छमर्दक’ असा पर्याय वकीलसाहेबांनी सुचवला, त्याबद्दल त्यांना पन्नास रुपये दंड झाला.

मास्तरांचं दरपत्रक पाठ आहे. बिल्ला विसरला, पन्नास. भाषणात फोन वाजला, शंभर. पेपरात फोटो आला, पन्नास. फोटो आला नाही म्हणून बातमीदाराला फोन केला, दोनशे. ‘मी दोनच शब्द बोलणार आहे’ असं म्हणून उभा राहणाऱ्याला दोनाच्या पुढच्या प्रत्येक मिनिटाला दहा. हे सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या किलोच्या डब्यात जमा होतं. झाकणाला मास्तरांनी स्वतः पात्यानं चीर पाडली आहे. क्लबाच्या सगळ्या उत्पन्नांत या डब्याचीच आवक नियमित असते, हे मी खजिनदार म्हणून सांगू शकतो.

खजिनदार मी पहिल्याच वर्षी झालो. कॅशियर म्हटल्यावर माझ्याकडं दुसरं काही येणारही नव्हतं. आणि इथंच माझं बिनसलं.

सेवा म्हटलं की आमच्याकडं पहिल्यांदा डोळे. हे गावोगावच्या क्लबांत असंच असतं, आणि त्याला इतिहास आहे. १९२५ साली अमेरिकेत सीडर पॉइंटला लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर उभ्या राहिल्या आणि अंधांसाठी कंबर कसा म्हणाल्या. तेव्हापासून सेवाभावी माणसाचं लक्ष दुसऱ्याच्या डोळ्यावर असतं. आमच्या शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन रुग्णाला फुकट. क्लबाला एका डोळ्यामागे अडीच हजार रुपये पडतात, लेन्स, औषधं, नेआण आणि काळा गॉगल धरून. हा आकडा माझ्या डोक्यात बसला आणि मग मला रुपये दिसेनात. सगळीकडं डोळेच दिसायला लागले.

जुलैत पदग्रहण झालं. मावळत्या अध्यक्षाच्या गळ्यातली बिल्ल्यांची जाड माळ काढून उगवत्याच्या गळ्यात घालायची; पोळ्याला बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ घालतात तशी, फरक एवढाच की बैलाला त्यानंतर भाषण करावं लागत नाही. ज्यांना परिचयाची गरज नाही अशा पाहुण्यांचा परिचय अकरा मिनिटं चालला. हॉल, साउंड आणि जेवण मिळून बासष्ट हजार. म्हणजे चोवीस डोळे, आणि पंचविसावा बराचसा उघडलेला. बारा मान्यवरांना शाल, श्रीफळ, गुच्छ आणि स्मृतिचिन्ह, प्रत्येकी सहाशे ऐंशी रुपये: तीन डोळे. चौकातला दहा बाय वीसचा फ्लेक्स, चौरस फुटाला बारा रुपये दरानं चोवीसशे: एक डोळा, शंभर रुपये कमी.

मासिक सभेत मी ताळेबंद मांडला. म्हटलं, ‘या महिन्यात आपण एकोणतीस डोळे खर्च केले. त्यातला एकही रुग्णाचा नाही.’

सभागृहात शांतता पसरली. मास्तरांनी अशुभ बोलल्याबद्दल दोनशे रुपये दंड केला. अध्यक्षांनी समजावून सांगितलं, ‘साहेब, हा खर्च आपल्या ड्यूजमधला. देणगीच्या पैशाला आपण हात लावत नाही. दोन खाती वेगळी आहेत.’ हे खरं होतं. पासबुकं माझ्याच कपाटात आहेत. देणगीतला रुपया न् रुपया कामाला जातो. या बाबतीत क्लबाचा कारभार कित्येक पतसंस्थांना शिकवणीला ठेवण्यासारखा आहे. खाती दोन. खिसा एक.

मंगलची ओळख करून द्यायची राहिली. रोटरीत सभासदाच्या बायकोला ‘ॲन’ म्हणायची जुनी पद्धत. १९१४ साली अधिवेशनाला निघालेल्या आगगाडीत एका सभासदाची बायको एकटीच बाई होती, तिचं नाव ॲन. चेष्टेत तिला ‘रोटरी ॲन’ म्हटलं आणि ते नाव जगभरच्या बायकांना चिकटलं. पोरंबाळं झाली ‘ॲनेट’. आम्ही हेही उचललं. घटनेत ठराव क्रमांक सात. मग पहिल्या कुटुंब मेळाव्याच्या फ्लेक्सवर स्वागतोत्सुक म्हणून मंगलचं नाव आलं. छापणाऱ्याकडं चंद्र कमी पडला की जागा, कोण जाणे. ‘ॲन मंगल’ असं जे हवं होतं ते ‘अनमंगल’ असं आलं. लोक अर्थातच ‘अमंगल’ वाचत होते. स्टँडपासून मंडईपर्यंत तीन ठिकाणी.

ती शांतपणे म्हणाली, ‘माहेरी मंगल, सासरी मंगल. तुमच्या क्लबात पाऊल टाकलं आणि अमंगल झाले.’

बायकांना नुसतं ॲन ठेवून भागत नाही, हे शिकागोवाल्यांनाही उशिरा कळलं. कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टे गावच्या क्लबानं १९७७ साली तीन बायकांना सभासद करून घेतलं, तर वरच्यांनी अख्ख्या क्लबालाच बाहेर काढलं. क्लबवाले गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि १९८७ साली निकाल बायकांच्या बाजूनं लागला. आमच्याकडं एवढी झटापट झाली नाही. आम्ही महिला विंग काढली. अध्यक्षाची बायको तिची पदसिद्ध अध्यक्षा. उपाध्यक्षाची, उपाध्यक्षा. खजिनदाराची बायको खजिनदार, हे मात्र वास्तवाला धरून होतं.

डिसेंबरात नेत्रशिबिर झालं. फ्लेक्सवर सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे गॉगल. मोतीबिंदूच्या फ्लेक्सवर गॉगल घालू नये असं कुणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालेले चाळीस जण क्लबाचे गॉगल घालून शाळेच्या व्हरांड्यात बसले आणि पदाधिकारी फोटोसाठी त्यांच्यात जाऊन बसले. पेपरात फोटो आला तेव्हा कोण दाता आणि कोण रुग्ण, ते ओळखायला भिंग लागत होतं. पण त्या व्हरांड्यात एक आजी होत्या. पट्टी सोडल्यावर त्यांनी आधी स्वतःचा हात पाहिला, उलटासुलटा करून. मग समोर उभ्या असलेल्या अध्यक्षांकडं टक लावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘तो बोर्डावरचा तूच व्हय? तितं गोरा हुतास.’

माझी त्या दिवशी काही तक्रार नव्हती. चाळीस डोळे. एक लाख रुपये. मी पुन्हा पुन्हा मोजले, नोटा मोजतो तसे.

हे लाख रुपये येतात कुठून, ते ऐका. पहिला मार्ग नाटक. पुण्या-मुंबईचं गाजलेलं नाटक आणायचं, पासाची किंमत पाचशे, प्रत्येक सभासदाच्या गळ्यात वीस पास. मी बँकेतल्या जुन्या लोकांकडं गेलो. मला येताना बघून एक जण संडासात गेला आणि मी जाईपर्यंत बाहेर आला नाही. शेवटी सिंहवाल्यांनी आमच्या नाटकाचे पन्नास पास घेतले. पुढच्या महिन्यात त्यांची संगीत रजनी होती, आम्ही त्यांचे पन्नास घेतले. चाकवाल्यांच्या हास्य कविसंमेलनाला दोघंही गेलो. गावात दानाचे म्हणून ठराविक पैसे आहेत, ते या नाट्यगृहातून त्या सभागृहात फिरत असतात. नाटकाचे जमले तीन लाख दहा हजार. कलाकारांचं मानधन, मुक्काम, नाट्यगृहाचं भाडं, छपाई आणि दिग्दर्शकांना आवडतात म्हणून मागवलेले मांडे हे सगळं वजा जाता उरले सेहेचाळीस हजार. अठरा डोळे.

दुसरा मार्ग स्मरणिका. ती कुणी वाचत नाही, वाचायची नसतेच. तिच्यात संदेश असतात, मग फोटो, मग जाहिराती. पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान, आणि पावाच्याही खाली ‘शुभेच्छुक’. देणगीदार पहिल्यांदा विचारतो, ‘ऐंशी जी आहे ना?’ आयकराच्या त्या कलमाखाली सवलत मिळते, पण दोन हजारांवर रोख दिले तर मिळत नाही, हे माझ्यापेक्षा त्यालाच जास्त माहीत असतं. दुसरा प्रश्न, ‘नाव कुठं येणार?’ यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. माणूस पैसे देतो, त्याला पावती हवी. काहींना कागदावरची पुरते, काहींना संगमरवरावरची लागते.

गंमत एका पानाची होती. पूर्ण पान, मध्यभागी फक्त दोन शब्द: एक हितचिंतक. नाव नाही, गाव नाही, फोन नाही. मला भरून आलं. म्हटलं, आहे बाबा, या गावात एक तरी कर्ण आहे. चार दिवसांत मंडईतला पोरगासुद्धा सांगायला लागला, तो कर्ण कोण ते. त्यानं स्वतःच सांगितलं होतं. प्रत्येकाला वेगवेगळं, ‘कुणाला बोलू नका’ म्हणून.

मार्चमधल्या कुटुंब सभेत अध्यक्षांनी नव्या प्रकल्पासाठी सूचना मागवल्या. सूचना मागवायची रीत आहे, द्यायची नाही. तरीही मंगल उठली. म्हणाली, ‘बुधवारच्या बाजारात खेड्यापाड्यांतून दीडदोनशे बायका भाजी घेऊन बसतात. पहाटे पाचला येतात, दिवेलागणीला जातात. तिथल्या बायकांच्या संडासाला किती तरी वर्षं कुलूप आहे. ते उघडून नीट करून द्या.’

कुणीच काही बोललं नाही. पंख्याचा आवाज येत होता.

ती खाली बसली नाही. ‘मेथीवालीला विचारलं, दिवसभर कसं करता गं? ती म्हणते, बाजाराच्या दिवशी पाणीच पीत न्हाई आम्ही. मे महिन्यात उन्हात बसतात त्या. डॉक्टर, तुम्हीच सांगा काय होतं ते.’

डॉक्टरांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होतं काय होतं ते; दर गुरुवारी त्यांच्या दवाखान्यात जळजळ घेऊन कोण येतं, तेही ठाऊक होतं.

उपाध्यक्ष म्हणाले, सूचना चांगली आहे, पण आपल्या क्लबाच्या प्रतिमेशी सुसंगत प्रकल्प हवा. सेक्रेटरी म्हणाले, वॉटर कूलर बसवू. प्यायलेलं पाणी जायचं कुठं, असं मंगलनं विचारलं. खरी अडचण सराफांनी बोलून दाखवली, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाला मी आजही मानतो. ते म्हणाले, ‘वहिनी, पैसे मी एकटा देईन. पण वडिलांचं नाव कशाला द्यायचं तिथं?’

सगळा घोळ त्या एका वाक्यात होता. बाकाला नाव देता येतं. घड्याळाला येतं, पाणपोईला येतं, स्मशानातल्या शेडलाही येतं. तिथं तर आपण हौसेनं देतो. पण कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ आणि खाली बाण, ‘स्त्रिया’, हे कुणाच्या पचनी पडणार? मी मग जरा आगाऊपणा केला. उठून म्हटलं, तुमच्या-आमच्या घंटेचं जे मूळ घराणं, त्याच्या पहिल्या क्लबानं लोकांसाठी हाती घेतलेलं पहिलं मोठं काम कोणतं? शिकागोच्या भर बाजारात सार्वजनिक संडास बांधून घेणं. १९०७ सालची गोष्ट. त्याला विरोध केला दारूच्या गुत्तेवाल्यांनी आणि मोठ्या दुकानदारांनी: पुरुषांसाठी गुत्ते आहेत, बायकांसाठी आमची दुकानं आहेत, वेगळी सोय कशाला? आत शिरायचं तर ग्लास घ्यावा लागतो किंवा काहीतरी विकत घ्यावं लागतं, एवढंच. ‘तेव्हा,’ मी म्हटलं, ‘हा प्रस्ताव आपल्या कुळाचाराला धरून आहे.’

मला इतिहास सांगितल्याबद्दल शंभर रुपये दंड झाला.

आपल्याकडं नावाशिवाय पैसा उभा राहिलाच नाही, असंही नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला तेव्हा माणशी वर्षाला एक पैसा मागितला. एका पैशावर कुणाचं नाव कोरणार? त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड तर त्याहून बेनाव: दळायला बसलेल्या बाईनं जात्यात घालायच्या आधी एक मूठ धान्य रयतच्या पोरांसाठी बाजूला काढायचं. बोर्डिंगातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. त्याचा कुठं फ्लेक्स नव्हता. साताऱ्याकडं अजून सांगतात, की छत्रपती शिवाजी कॉलेजाला भलीमोठी देणगी देणारा एक जण निघाला होता, अट एकच, कॉलेजाचं नाव बदला. कर्मवीर म्हणाले म्हणे, एक वेळ बापाचं नाव बदलीन, पण कॉलेजाचं नाही. आमच्या सराफांच्या अडचणीच्या नेमकं दुसऱ्या टोकाला उभं राहून बोललेलं वाक्य आहे हे.

तरी क्लबवाल्यांना नुसतं नावाचं वेड असतं असं म्हणून मी मोकळा होऊ शकत नाही, कारण पोलिओ मध्ये येतो. रोटरीनं १९८५ साली पोलिओ हटवायचा विडा उचलला. पुढं कित्येक वर्षं रविवारी सकाळी आमच्यासारखेच पोट सुटलेले, बिल्ले लावलेले लोक अंगणवाडी सेविकांच्या शेजारी बूथवर बसत होते. खरी पायपीट त्या सेविकांची आणि आरोग्य खात्यातल्या बायकांची, हे मान्य. पण हे लोक बसत होते. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण हावड्याजवळ १३ जानेवारी २०११ ला सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. एवढ्या मोठ्या कामाची पाटी काय होती? पोराच्या डाव्या करंगळीवर शाईचा जांभळा ठिपका. तोही आठवड्यात धुऊन जायचा.

संडासाचा प्रस्ताव ‘विचाराधीन’ राहिला. म्हणजे मेला. मग एप्रिलच्या सभेत मास्तर श्रीखंडाचा डबा घेऊन उभे राहिले. म्हणाले, ‘दंडाच्या पैशांचा विनियोग शेपूटपिळ्यानं सुचवावा, असं घटनेत आहे.’ घटनेत असं काहीच नव्हतं. पण घटना कुणी वाचलेली नव्हती, आणि ज्या वकीलसाहेबांनी वाचली होती ते छताकडं बघत बसले. डबा मी मोजला: एक्केचाळीस हजार तीनशे पन्नास. अर्धी रक्कम वकीलसाहेबांच्या भाषणांची होती. सोळा डोळे, मी मनात म्हटलं, आणि पहिल्यांदाच डोळ्यांचा हिशेब चुकीचा वाटला.

संडास उघडायची परवानगी डॉक्टरांनी आणली. कडीकोयंडे, आतून लागणारी कडी, नळ, पाचशे लिटरची टाकी, दिवा. दार आतून लागतं की नाही, हे मंगलनं स्वतः आत जाऊन तीनदा बघितलं. ही गोष्ट आम्हा पुरुषांपैकी कुणाच्या यादीत नव्हती. बांधायला पैसे मिळतात, धुवायला मिळत नाहीत, हे तिनंच आधी सांगितलं होतं. म्हणून बाजाराच्या दिवशी तिथं बसायला एक मावशी ठेवल्या, आणि त्यांचा महिन्याचा पगार आता डब्यातून जातो. परिणामी सभासद बिल्ला मुद्दाम घरी विसरून यायला लागले आहेत. सराफ तर परवा दोनदा विसरले. एकाच सभेत.

उद्घाटन कुणाच्या हस्ते, यावर वाद व्हायला हवा होता. कुणीच पुढं येईना म्हणून झाला नाही. बुधवारी सकाळी कुलूप काढलं. मेथीवाली पाटी खाली ठेवून सरळ आत गेली. बाहेर आली, हात पदराला पुसले आणि मंगलला म्हणाली, ‘नळ दोन बोटं वर बसवला आसता तर कळशी बसली आसती.’ झालं उद्घाटन.

तिथं पाटी नाही. क्लबाचं नाव नाही, बिल्ला नाही, लोंबीसुद्धा नाही. तसा ठरावच झाला आहे, आणि कार्यवृत्तात सेक्रेटरींनी त्याचा उल्लेख ‘बाजारातील किरकोळ दुरुस्ती’ असा केला आहे.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी मंगलला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘अहो, नाव द्यायचं नाही असं ठरलं होतं ना?’

‘कुठं दिलंय? क्लबाचं नाव नाही, गावाचं नाही.’

‘आणि सदराच्या डोक्यावर दर आठवड्याला छापतात, ते कुणाचं?’

संपादकांना कळवलं आहे: या आठवड्यापुरतं माझ्या नावाऐवजी ‘एक हितचिंतक’ एवढंच छापा. फोटो मात्र नेहमीचा राहू द्यावा.